सूची, संगणक आणि मराठीचा विद्यार्थी

मराठी विषय घेऊन एम.ए. होणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अध्यापन, फार तर पत्रकारिता, याखेरीज अन्य वाट असल्याचे मराठी विभागांतून सहसा सांगितले जात नाही. ग्रंथालयशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या संयुक्त अध्ययनातून उभा राहिलेला माहितीव्यवसाय तर ‘तांत्रिक’ म्हणून दूरच ठेवला जातो. वस्तुतः त्यातील मराठी ग्रंथांविषयीचे काम वाङ्मयाच्या जाणकारावाचून अडून आहे.

तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील नाक्याचे गाव. येथून एक रस्ता विजयदुर्गाकडे, दुसरा गगनबावड्यावरून कोल्हापूरकडे जातो. मोठे ग्रंथसंग्रह दूर असल्याने येथील संशोधक विद्यार्थ्याची सारी भिस्त संगणकीय सूचीवर. त्याने याच जिल्ह्यातल्या चिं. त्र्यं. खानोलकरांचा विषय घेतला, असे समजू. खानोलकरांच्या कादंबऱ्या स्वतःच्या नावाने, कविता ‘आरती प्रभू’ या नावाने. सूचीत ही दोन नावे परस्परांशी जोडलेली नसतील, तर ‘कोंडुरा’ हाती येईल आणि ‘जोगवा’ (१९५९) निसटेल. नाव रोमन लिपीत नोंदवताना त्र्यंबक की त्रिंबक, हा घोळ निराळाच. दोन्ही नावांमागे एकच लेखक आहे, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते.

अकारविल्हे लावतानाही हीच अडचण. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आणि ‘क्ष’ हे स्वतंत्र अक्षर नसून क् आणि ष यांचा संयोग ठरतो. केवळ त्या क्रमाने लावलेली सूची ‘क्षितिज’ हा शब्द ‘क’च्या पोटात टाकील, मराठी वर्णमाला मात्र ळ, क्ष, ज्ञ शेवटी ठेवते. मराठीचा क्रम संगणकाला वेगळा शिकवता येतो. पण शिकवणाऱ्याला आज्ञावलीइतकीच कोशपरंपराही अवगत हवी.

दोन शास्त्रांचा असा संगम अपूर्व नव्हे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. मराठीत शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील ग्रंथांची सूची संगणकावाचून सिद्ध केली आणि पुढे ती १९५०पर्यंत आणली.

तेव्हा एकाच कादंबरीकाराच्या आणखी एका ‘चिकित्सक अभ्यासा’ऐवजी एखाद्या बंद पडलेल्या नियतकालिकाची लेखक, टोपणनाव व विषय यांनुसार शोधता येणारी संगणकीय सूची एम.ए.चा लघुप्रबंध म्हणून स्वीकारावी, आणि तिच्या परीक्षणासाठी मराठीच्या अध्यापकाबरोबर ग्रंथपालासही बसवावे. हे काम कारकुनी आहे, असा आक्षेप येईलच. आक्षेपकांनी ‘आरती प्रभू’ या एका नावाची नोंद सर्व संदर्भांसह स्वतः करून पाहावी.