विश्लेषण : १६२ सामन्यांनंतरही निकाल शेवटच्या दुपारीच! बेसबॉल चाहत्यांची आशा अखेरपर्यंत का टिकते?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा साखळी हंगाम रविवारी (२८ सप्टेंबर २०२५) संपला. न्यूयॉर्क मेट्सला बाद फेरी गाठण्यासाठी एकच सामना जिंकायचा होता आणि दुसऱ्या शहरातला एक निकाल अनुकूल लागायला हवा होता. अनुकूल निकाल लागला, पण मेट्स स्वतःच हरले. दुसरीकडे, जुलैमध्ये मोडीत निघालेल्या क्लीव्हलँड गार्डियन्सने विभागाचे जेतेपद मिळवले. सहा महिने चालणाऱ्या या स्पर्धेत चाहत्यांच्या आशेचे गणित नेमके कसे चालते, याचा आढावा.

रविवारी नेमके काय घडले?

नॅशनल लीगमधील शेवटच्या जागेसाठी सिनसिनाटी रेड्स आणि न्यूयॉर्क मेट्स हे दोन संघ शर्यतीत उरले होते. रविवारी सकाळी दोघांची कामगिरी सारखीच होती, ८३ विजय आणि ७८ पराभव. मात्र परस्परांतील सहा सामन्यांपैकी चार रेड्सने जिंकले असल्याने बरोबरी झाल्यास जागा रेड्सला मिळणार होती. म्हणजे मेट्सने मायामीत मार्लिन्सला हरवणे आणि रेड्सने मिलवॉकीत पराभूत होणे, या दोन्ही गोष्टी घडणे आवश्यक होते.

शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच सुमारास, भारतीय वेळेनुसार मध्यरात्री साडेबारानंतर सुरू होतात, जेणेकरून कोणालाही दुसऱ्याचा निकाल पाहून खेळता येऊ नये. रेड्स ४-२ असे हरले. अर्धे दार उघडले होते. पण मेट्सने मायामीत ४-० अशी हार पत्करली. पाचव्या डावात तिन्ही बेसवर खेळाडू असताना पीट अलोन्सोने मारलेला जोरदार फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला आणि मेट्सची सर्वांत मोठी संधी तिथेच संपली. दोन्ही संघ ८३-७९ वर थांबले. रेड्स आत, मेट्स बाहेर. अमेरिकन लीगमध्येही असेच झाले. डेट्रॉइट टायगर्स आणि ह्युस्टन अॅस्ट्रोस दोघेही ८७-७५ वर थांबले, पण परस्परांतील सामन्यांच्या आधारे टायगर्स पुढे गेले. २०१६ नंतर प्रथमच अॅस्ट्रोसविना बाद फेरी झाली.

बाद फेरीची रचना कशी असते?

एकूण ३० संघ दोन लीगमध्ये आणि प्रत्येक लीग तीन विभागांत विभागलेली आहे. प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन विभागविजेते आणि उरलेल्यांपैकी सर्वोत्तम कामगिरीचे तीन, म्हणजे ‘वाइल्ड कार्ड’ संघ. पहिल्या दोन विभागविजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. उरलेल्या चौघांत तीन सामन्यांची मालिका होते आणि तिचे सर्व सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर होतात. त्यानंतर पाच, मग सात आणि अखेरीस ‘वर्ल्ड सीरिज’साठी पुन्हा सात सामन्यांची मालिका.

ही १२ संघांची पद्धत २०२२ पासूनची. त्याच वर्षी बरोबरी फोडण्यासाठी होणारा १६३वा सामना रद्द करण्यात आला. पूर्वी अशी बरोबरी मैदानावर सुटत असे. आता ती हंगामात आधी कधीतरी झालेल्या, त्या वेळी कोणी फारसे लक्षही न दिलेल्या सामन्यांवर सुटते.

‘मॅजिक नंबर’ म्हणजे काय?

सप्टेंबर उजाडला की चाहत्यांच्या तोंडी दोन आकडे असतात. पहिला ‘किती सामन्यांनी मागे’. दोन संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे. एक संघ ९०-६२ आणि दुसरा ८७-६५ असेल, तर दुसरा तीन सामन्यांनी मागे आहे. दोन संघांचे झालेले सामने कमीजास्त असल्यास ‘साडेपंधरा सामने’ असा अर्धा आकडाही येतो.

दुसरा ‘मॅजिक नंबर’. १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करायचे. वरच्या उदाहरणात १६३ वजा ९० वजा ६५, म्हणजे ८. आघाडीच्या संघाचा प्रत्येक विजय आणि मागच्याचा प्रत्येक पराभव हा आकडा एकने कमी करतो; शून्य झाला की जागा निश्चित. परस्पर सामन्यांत आघाडीचा संघ सरस असेल तर १६३ ऐवजी १६२ धरले तरी चालते. म्हणूनच सप्टेंबरमध्ये चाहता एकाच रात्री दोन सामने पाहतो. एकात स्वतःचा संघ जिंकायला हवा असतो, दुसऱ्यात ज्यांच्याशी काही देणेघेणे नाही अशा संघाने प्रतिस्पर्ध्याला हरवायला हवे असते.

शक्यतेची टक्केवारी कितपत खरी?

अलीकडे अनेक संकेतस्थळे प्रत्येक संघाची बाद फेरी गाठण्याची शक्यता रोज टक्क्यांत देतात. त्यामागची पद्धत साधी आहे. प्रत्येक संघाच्या ताकदीचा अंदाज घ्यायचा, उरलेले सर्व सामने संगणकावर हजारो वेळा ‘खेळवायचे’ आणि त्यांपैकी किती वेळा तो संघ पुढे गेला हे मोजायचे.

घोटाळा होतो तो आकडा वाचण्यात. पाच टक्के म्हणजे ‘संपले’ असा अर्थ घेतला जातो, प्रत्यक्षात तो वीसमध्ये एक इतका आहे. वेगवेगळ्या हंगामांतील पाच टक्के शक्यता असलेले दहा संघ घेतले, तर त्यांपैकी किमान एक पुढे जाण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. त्यामुळे दर काही वर्षांनी ‘चमत्कार’ घडणे हे गणिताला धरूनच आहे. तो आपल्याच संघाच्या वाट्याला येईल का, याचे उत्तर मात्र गणित देत नाही.

उलट बाजूही आहे. २०११ मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला बोस्टन रेड सॉक्सची आघाडी नऊ सामन्यांची होती आणि त्यांची शक्यता ९९ टक्क्यांच्या पुढे दाखवली जात होती. त्या महिन्यात २७ पैकी २० सामने ते हरले. २८ सप्टेंबरच्या रात्री ते बाल्टिमोरमध्ये शेवटच्या डावात पराभूत झाले आणि काही मिनिटांतच, यँकीजविरुद्ध ०-७ ने मागे पडलेल्या टॅम्पा बे रेजने बाराव्या डावातील होमरनवर ८-७ असा विजय मिळवून त्यांची जागा घेतली. यंदाची शेवटची दुपार त्याच तारखेला आली.

रविवारच्या मेट्सचे ढोबळ गणितही असेच मांडता येईल. दोन्ही सामने नाणेफेकीसारखे धरले तरी दोन्ही निकाल अनुकूल लागण्याची शक्यता २५ टक्के. बातम्यांत मात्र ‘एक विजय दूर’ असे शब्द होते, आणि चाहत्याला तेच ऐकू येतात.

गार्डियन्सने काय साधले?

जुलैच्या सुरुवातीला क्लीव्हलँडने सलग दहा सामने गमावले होते आणि ते टायगर्सपेक्षा साडेपंधरा सामन्यांनी मागे होते. त्याच महिन्यात सट्टेबाजीच्या चौकशीमुळे दोन पिचर संघाबाहेर गेले, त्यांपैकी एक संघाचा मुख्य ‘क्लोजर’, म्हणजे सामना संपवायला येणारा पिचर होता. तरीही सप्टेंबरमधील २७ पैकी २० सामने जिंकून गार्डियन्स ८८-७४ वर पोहोचले आणि रविवारी त्यांनी एका सामन्याच्या फरकाने विभाग जिंकला. इतकी मोठी पिछाडी भरून काढून अव्वल येणारा संघ मेजर लीगच्या इतिहासात झाला नव्हता. यापूर्वीचे उदाहरण १९१४ च्या बोस्टन ब्रेव्हजचे, १५ सामन्यांचे होते.

क्लीव्हलँडने शेवटची वर्ल्ड सीरिज १९४८ मध्ये जिंकली. तेथील चाहत्यांसाठी हा सप्टेंबर पुढची अनेक वर्षे पुरणारी शिदोरी आहे. दर जुलैमध्ये संघ मागे पडला की आता २०२५ चा दाखला निघेल, आणि बहुतेक वर्षी तो फोल ठरेल.

मेट्सचे चाहते अधिक का पोळले?

१२ जून रोजी मेट्स ४५-२४ अशा कामगिरीसह सर्व ३० संघांत अव्वल होते. त्याच दिवशी प्रमुख पिचर कोडाई सेंगा जखमी झाला. तिथून पुढे संघाने ३८ सामने जिंकले आणि ५५ गमावले. सलग सात किंवा अधिक पराभवांची मालिका तीनदा झाली. आठव्या डावानंतर पिछाडीवर असलेला एकही सामना त्यांना वर्षभरात जिंकता आला नाही. म्हणजे चाहते अखेरच्या चेंडूपर्यंत बसून राहिले, पण तसे बसण्याचे फळ त्यांना एकदाही मिळाले नाही.

यात पैशांची कमतरता नव्हती. संघाचे वेतन ३० कोटी डॉलरहून अधिक होते आणि वान सोटोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार झाला आहे. त्यामुळे अपेक्षाही तितक्याच मोठ्या होत्या. पराभवानंतर मालक स्टीव्ह कोहेन यांनी समाजमाध्यमावर चाहत्यांची जाहीर माफी मागितली. चाहत्यांनी आपली बाजू सांभाळली, संघाने नाही, असा त्यांचा सूर होता.

त्यात जुन्या जखमा आहेत. २००७ मध्ये १७ सामने उरले असताना मेट्सकडे सात सामन्यांची आघाडी होती. त्यांपैकी १२ हरून ते एका सामन्याने मागे राहिले. २००८ मध्येही शेवटच्या दिवशीच ते बाहेर पडले. दोन्ही वेळा, आणि यंदाही, अखेरच्या सामन्यातील प्रतिस्पर्धी मार्लिन्सच होते.

मग तरीही आशा का? कारण याच संघाने उलटेही करून दाखवले आहे. १९७३ मध्ये ऑगस्टअखेर तळाला असलेला मेट्स संघ विभाग जिंकून वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला होता. २०२४ मध्ये २२-३३ अशा सुरुवातीनंतर त्यांनी नॅशनल लीगची अंतिम मालिका गाठली होती. म्हणजे आशा धरण्याचा आणि ती सोडण्याचा, दोन्हींचा पुरावा चाहत्याकडे आहे.

आयपीएलमधील ‘जर-तर’पेक्षा हे वेगळे कसे?

मराठी वाचकाला ‘गणितीय शक्यता’ हा शब्दप्रयोग नवा नाही. २५ मे २०१४ रोजी वानखेडेवर राजस्थानच्या १८९ धावांचा पाठलाग मुंबई इंडियन्सला १४.३ षटकांत करायचा होता. त्या चेंडूपर्यंत धावसंख्या बरोबरीत आली, मग पुढच्या चेंडूवर चौकार-षटकार चालेल असे समजले आणि आदित्य तरेने षटकार ठोकला. २०२४ मध्ये पहिल्या आठपैकी सात सामने गमावलेल्या बेंगळूरुने सलग सहा विजय मिळवत धावगतीवर चेन्नईला मागे टाकले.

फरक दोन आहेत. आयपीएलच्या साखळीत एका संघाचे १४ सामने असतात, त्यामुळे एका विजयाने चित्र पालटते. बेसबॉलमध्ये ते १६२ असतात, एका सामन्याचे वजन अगदीच कमी; म्हणून घसरण आणि चढण दोन्ही संथ असतात आणि चाहत्याला ती जवळपास रोज सोसावी लागतात. दुसरे, बरोबरी झाल्यास तिथे धावगती पाहिली जात नाही. एखादा सामना २० धावांनी जिंकला काय किंवा एका धावेने, हिशेबात तो एकच विजय.

वाइल्ड कार्डमुळे आशा वाढली की स्वस्त झाली?

१९६८ पर्यंत प्रत्येक लीगमधून एकच संघ पुढे जात असे. बहुतेक शहरांतील हंगाम ऑगस्टमध्येच संपलेला असे. १९६९ मध्ये विभाग आले, १९९५ पासून वाइल्ड कार्ड लागू झाले आणि २०१२, २०२२ मध्ये जागा वाढत गेल्या. परिणाम असा, की सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यातही अर्ध्याहून अधिक संघांच्या चाहत्यांना सामना पाहण्याचे कारण उरते. मैदाने भरलेली राहतात, प्रक्षेपणाला किंमत राहते. यंदा साखळी सामन्यांना ७.१ कोटींहून अधिक प्रेक्षक आले.

टीकाकारांचा मुद्दा वेगळा आहे. ८३ विजय, म्हणजे निम्म्याहून जेमतेम दोन अधिक, एवढ्यावर बाद फेरी मिळत असेल तर १६२ सामन्यांना अर्थ काय? शिवाय जुलैअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, तेव्हा मध्यम संघही ‘आपण शर्यतीत आहोत’ म्हणून उद्याचे खेळाडू देऊन आजचे घेतात. मेट्सनेही यंदा तीन राखीव पिचर आणि एक क्षेत्ररक्षक मिळवले. ती किंमत संघ पुढची काही वर्षे मोजेल आणि त्याच्याबरोबर चाहतेही.

चाहता ‘आपण जिंकलो’ का म्हणतो?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रकाशित केलेला अमेरिकी विद्यापीठांतील अभ्यास प्रसिद्ध आहे. संघ जिंकल्यावर विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालत आणि निकाल सांगताना ‘आपण’ हा शब्द अधिक वापरत. हरल्यावर तोच संघ ‘ते’ होई. शर्यत रंगते तेव्हा मात्र अनिश्चितता हेच नाते टिकवून ठेवते. निकाल लागेपर्यंत ‘आपण’ सोडता येत नाही. सहा महिने जवळपास रोज तीन तास दिल्यावर, पाच टक्क्यांसाठी आणखी तीन तास देणे त्याला महाग वाटत नाही.

त्यानंतर काय?

मंगळवारपासून (३० सप्टेंबर) वाइल्ड कार्ड मालिका सुरू झाल्या. टायगर्स-गार्डियन्स, रेड सॉक्स-यँकीज, रेड्स-डॉजर्स आणि पाद्रेज-कब्ज अशा लढती होत्या. म्हणजे ज्यांच्याकडून विभाग हिसकावला त्याच टायगर्सशी क्लीव्हलँडची पुन्हा गाठ होती. ब्लू जेज, मरिनर्स, ब्रूअर्स आणि फिलीज थेट दुसऱ्या फेरीत खेळले. यांपैकी सिअॅटल मरिनर्सने २००१ नंतर प्रथमच विभाग जिंकला होता. १९७७ मध्ये सुरू झालेला हा संघ तोवर एकदाही वर्ल्ड सीरिज न खेळलेला ३० पैकी एकमेव संघ होता. त्यांचे चाहते ४८ वर्षे ज्या ऑक्टोबरची वाट पाहत होते, तो त्या आठवड्यात सुरू झाला.