मुलाला भाषा येत नाही म्हणे!

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत बसलेल्या माणसाजवळ वेळ पुष्कळ असतो. समोर राजपुरीची खाडी, मागे मोटारींची रांग आणि बाकावर शेजारी बहुधा एखादे गुरुजी किंवा बाई. कोणी देशावरून आलेले, कोणी विदर्भातून, कोणी बदलीच्या आशेवर दिवस काढणारे. अशा कितीतरी शिक्षकांशी आमच्या गप्पा झाल्या. माणसे कष्टाळू आहेत, त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. परंतु जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून एक वाक्य आम्ही ऐकले : "काय सांगू फादर, पहिलीत येणाऱ्या ह्या मुलांना भाषाच येत नाही!"

प्रथम ऐकले तेव्हा आम्ही मान डोलावली. दुसऱ्यांदा ते खटकले. आता राग येतो, आणि हा लेख त्या रागापोटी लिहिला आहे हे वाचकांपासून आम्ही लपवीत नाही.

सहा वर्षांच्या कोळ्याच्या पोराला भाषा येत नाही? ते बापाशी जाळ्याविषयी बोलते, आजीशी हुज्जत घालते, सवंगड्यांशी भांडते, आणि ते भांडण कसे अस्खलित असते हे ज्याने ऐकले त्याने ऐकले. ते 'मला' न म्हणता 'मना' म्हणते, 'डोळा' न म्हणता 'डोला' म्हणते, एवढाच त्याचा गुन्हा. कातकरी वाडीवरची मुलगी रानातले कंद आणि ओढ्यातले खेकडे त्यांच्या नावांनिशी ओळखते. ती नावे आम्हांला ठाऊक नाहीत, तिच्या बाईंनाही नाहीत. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, तीही त्यांच्यामागे जाते, आणि पावसाच्या तोंडावर परतते तेव्हा हजेरीपटावर तिच्या नावापुढे रिकाम्या चौकटी असतात. मग शेरा पडतो : भाषा कच्ची. मुलीला भाषा येते. शाळेला तिची भाषा येत नाही. अज्ञान एकाचे आणि नापास दुसराच!

आम्ही हे लिहितो आहोत ते केवळ कोळी-कातकऱ्यांची बाजू घेण्यासाठी नव्हे. ह्याच मुरूड तालुक्याच्या उत्तर टोकाला, रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी, आपल्याच धर्मबांधवांचे कोर्लई गाव आहे, आणि तेथे हा प्रश्न आपल्या अंगणात येऊन उभा राहतो. १७४० च्या तहाने चौल-रेवदंडा आणि कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी सोडला. सत्ता गेली, किल्ल्याच्या पायथ्याची ख्रिस्ती कुटुंबे मात्र राहिली आणि त्यांच्या घरांत एक बोली राहिली. पोर्तुगिजांपासून उपजलेल्या ह्या बोलीस ते लोक 'नो लिंग' म्हणतात. अर्थ साधा आहे : आमची भाषा. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास सांगितले जातात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर १९९६ मध्ये एक आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द पोर्तुगीज मुळाचे असले तरी शेजारच्या मराठीच्या सहवासाने ह्या बोलीची वाक्यरचना बदलत गेली आणि क्रियापद मराठीसारखे शेवटी येऊ लागले, असे त्यांनी दाखविले आहे. म्हणजे जिला आपल्यापैकी काहीजण 'मोडकीतोडकी पोर्तुगीज' म्हणून हिणवतात, ती गेली पावणेतीनशेहून अधिक वर्षे मराठीशी शेजारधर्म पाळीत आली आहे. मराठीने तिची अशी काय परतफेड केली? आणि मराठीचे राहू द्या, आपण काय केली?

येथे आम्ही आमच्याच कुळावर बोट ठेवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेची दारे लोकभाषांना उघडून दिली. आपण आनंदलो, मिस्सा मराठीत आणली, आणि ते योग्यच झाले. कोर्लईतही आज मिस्सा मराठीत होते. परंतु कोर्लईच्या आजीची लोकभाषा कोणती, हा प्रश्न आपण धर्मगुरूंनी कधी जोराने विचारला? आपल्या सोयीची भाषा तीच त्यांची मातृभाषा, असे आपण परस्पर ठरवून टाकले. जेट्टीवरचे गुरुजी जे वाक्य बोलतात ते आपण न बोलता आचरले.

कायद्याच्या बाबतीतही तसेच. घटनेचे कलम ३० आपल्या प्रत्येक व्यवस्थापकास तोंडपाठ आहे. शाळेच्या कारभारात कोणी हात घालू लागला की आपण ते कलम ढालीसारखे पुढे धरतो. त्याच घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. हे कलम आपल्या किती सभांतून निघाले? जे हक्क संस्थेचे ते आपण राखले; जे लहान मुलाचे त्यांची आठवण ठेवायला कोणाला सवड नव्हती.

पालकांनाही आम्ही सोडणार नाही. मराठी माध्यमाचे वर्ग आटत गेलेले आपण डोळ्यांदेखत पाहिले. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजीतूनच शिकलो. परंतु मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून आजीने त्याच्याशी घरच्या बोलीत बोलू नये, असा दंडक घालणारी घरे आम्हांला ठाऊक आहेत. तेथे आजी गप्प बसते. मूल दोन तोडकी इंग्रजी वाक्ये बोलते, आणि पाहुण्यांसमोर ती वाक्ये पुन्हा म्हणवून घेतली जातात. बोली शाळेत जखमी होते खरी. पण तिचा जीव जातो तो स्वयंपाकघरात.

ह्या किनाऱ्यावरचे आमचे कोकणी मुसलमान शेजारीही ह्याच कोड्यात आहेत. घरी कोकणी, शाळेत उर्दू. ओळखीची भाषा एक आणि आईची दुसरी. त्यांचे त्यांनी पाहावे; आम्ही केवळ इतकेच म्हणतो की हा रोग एका धर्माचा नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासननिर्णयांवरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, आणि २९ जून रोजी शासनाने ते मागे घेतले. कोवळ्या वयात परक्या भाषेचे ओझे नको, हा विरोधकांचा युक्तिवाद आम्हांला शंभर टक्के मान्य होता. म्हणूनच विचारावेसे वाटते : मग कातकरी वाडीवर, कोर्लईच्या ख्रिस्ती आळीत, पहिल्या दिवशी फळ्यावर उमटणारी प्रमाण मराठी त्या मुलाला कोणाची वाटत असेल? मराठी त्याने शिकलीच पाहिजे, उत्तम शिकली पाहिजे. पण जिना चढायचा तर पहिली पायरी त्याच्या उंबरठ्याला लागून हवी.

२०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याकडे आले तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू तेथे कसा, असे विचारणारेही निघाले. आपण सर्वांनी छाती पुढे काढून उत्तर दिले की मराठी आमचीही आहे. रायतूर येथे १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापणाऱ्या फादर स्टीफन्सचा दाखला दिला. दिलाच पाहिजे होता. मात्र गोव्यातच १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले, हा दाखला आपण देत नाही. दोन्ही वारसे आपलेच आहेत. मुलाच्या तोंडून निसटलेल्या घरच्या शब्दावर वर्ग हसतो तेव्हा तेथे स्टीफन्स उभा नसतो, व्हाइसरॉय उभा असतो.

हे हसणे आम्ही सोसले आहे. आम्ही वसईकडचे, घरी सामवेदी, शाळेत मराठी. पहिल्याच आठवड्यात घरचा एक शब्द तोंडून गेला. वर्ग हसला, गुरुजीही हसले. नंतर कित्येक महिने आम्ही वर्गात तोंड उघडले नाही, आणि वर्षअखेरीस 'मंद' असा शेरा घेऊन घरी गेलो. पुढे सेमिनरीत शुभवर्तमान शिकताना प्रमुख याजकाच्या वाड्यातला पेत्र भेटला. त्याच्या बोलीवरूनच तो गालीलचा म्हणून ओळखला गेला. ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख गावंढळ हेल काढून बोलत असे, हे कळले तेव्हा आम्हांला झालेला आनंद परीक्षेतील कोणत्याही गुणांनी झाला नव्हता!

आता शिक्षकांची बाजू. एक गुरुजी आम्हांला म्हणाले, "फादर, दोन शिक्षक, पाच वर्ग, चार बोल्या. वर माहिती भरायची, पोषण आहार बघायचा. मी नो लिंग केव्हा शिकू?" ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि त्यावर उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. कोर्लईच्या बोलीत पाठ्यपुस्तके काढा, असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही मागतो ते फार थोडे आहे. पहिले काही महिने मुलाने घरच्या बोलीत दिलेले उत्तर बरोबर धरावे. गुरुजींनी शंभर शब्द वहीत उतरवून घ्यावेत. सांगायला मुले उड्या मारतील. एखाद्या आजीला महिन्यातून एकदा वर्गात बसवून गोष्ट सांगू द्यावी. आणि 'भाषाच येत नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतून हद्दपार करावे. ह्याला पैसा लागत नाही की परिपत्रक लागत नाही.

तरीही सरकारी शाळेला शहाणपण सांगण्याआधी आपला धर्मशिक्षणाचा वर्ग आहे. तेथे ना शासननिर्णय आडवा येतो, ना तपासणी अधिकारी. येत्या जूनपासून आमच्या वर्गात लहान मुले सायंप्रार्थना आपापल्या घरच्या बोलीत म्हणतील, गोष्ट घरच्या बोलीत सांगतील, आणि आम्ही त्यांचे उच्चार दुरुस्त करणार नाही. नंतर तीच प्रार्थना मराठीत शिकवू. 'अशाने पोरांचे मराठी बिघडेल, इंग्रजी तर बुडेलच' अशी कुजबुज आमच्या कानांवर आली आहे. ज्या पालकांचे असे मत असेल त्यांनी रविवारी मिस्सा संपल्यावर आम्हांला पडवीत भेटावे. चहा आमचा. भांडण मात्र त्यांनी त्यांच्या आजीच्या बोलीत करावे.