पापडामागची मांडणी
एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे संस्थेच्या कामाची आकृत्यांतून दाखवलेली मांडणी, म्हटले की बँकांचे संगणक आणि महागडे सल्लागार डोळ्यांपुढे येतात. पण त्यासाठी संगणकतज्ज्ञ जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या आणि पुढे विस्तारलेल्या चौकटीतले प्रश्न साधेच आहेत: काय, कसे, कुठे, कोण, केव्हा, कशासाठी. ते लिज्जत पापडाला विचारून पाहावेत. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला हा उद्योग देशभर पसरला, त्याचे श्रेय आपण जिद्दीला देऊन मोकळे होतो. जिद्द होतीच, पण जिद्दी बायका गल्लोगल्ली होत्या. वेगळी होती ती कामाची वाटणी: पीठ शाखेत मळायचे, लाटणे-वाळवणे घरी, आणि पापड परत आले की तपासणी, वजन, हिशेब. चव एका जागी बांधलेली, श्रम मात्र हजारो घरांत वाटलेले. त्यामुळे नवी शाखा काढताना नवा शोध लावावा लागत नाही, तीच घडी दुसऱ्या गावात बसवायची. त्या बायकांनी कुठे आकृत्या काढल्या होत्या, असे कुणी म्हणेल. खरेच आहे, मांडणी आधी घडते, आकृती मागाहून येते, आणि नुसत्या आकृतीने गिऱ्हाईकही येत नाही. पण दर, उधारी, पुरवठादार हे सगळे जिथे मालकाच्या डोक्यातच असते, तिथे दुसरे दुकान उघडायचे म्हणजे मालकाचेच दोन तुकडे करायचे. अशा मालकाने कर्जाचा अर्ज भरण्याआधी त्या सहा प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत.