चिकटवण्यापूर्वी



एप्रिल जवळ आला की अमेरिकेतील आपल्या घराघरांत कागद, कात्री आणि डिंक बाहेर निघतात. चौदा एप्रिलसाठी मुले बाबासाहेबांच्या जीवनावरील फलक रचतात; पुढे वैशाख पौर्णिमेला कंदील आणि पंचरंगी पताका होतात. कशाने चिकटवावे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. आमच्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा : ही वस्तू किती काळ टिकायला हवी?

कंदील एक-दोन रात्रींचा. त्याला घरची खळ उत्तम. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि दाट, किंचित पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर ढवळावा. थंड झाल्यावर ब्रशने पातळ थर द्यावा. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच ठेवावी. सांगाड्याच्या काड्या मात्र दोऱ्याने बांधाव्यात. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवा ठेवावा.

फलक आठवडाभराचा. पांढऱ्या डिंकातील पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि चित्र सुरकुतते. म्हणून मोठ्या पातळ कागदाला ग्लू स्टिक बरी. तिच्यात पाणी कमी असते. पांढरा डिंकच वापरायचा असेल तर अगदी थोडा लावून, वर मेणकागद ठेवून, जड पुस्तकांखाली वाळू द्यावा.

तिसरा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या जपण्याच्या वस्तूंचा, आणि खरी काळजी तिथेच आहे. फलक सजवण्याच्या उत्साहात आजोबांचे एकुलते एक छायाचित्र किंवा ‘प्रबुद्ध भारत’चे पिवळे पडलेले कात्रण पुठ्ठ्यावर कायमचे चिकटून बसते. आपल्या माणसांनी १४ ऑक्टोबर १९५६ साठी नागपूरला कसे प्रस्थान ठेवले, कोणत्या वस्तीतून कोण निघाले, हे सरकारी दप्तरात क्वचितच सापडेल. ते अशाच कागदांत आहे.

वर्तमानपत्राचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. तो आपोआपच पिवळा आणि ठिसूळ होतो. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावणे म्हणजे दुखण्यात भर. ही पट्टी १९३० साली याच देशात, मिनेसोटातील थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी तयार केली. फाटलेले पान तिने झटकन जुळते. पण काही वर्षांत पट्टी सुटून येते आणि तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग ठेवतो. ग्रंथालयांतील दुरुस्ती करणारे कारागीर म्हणूनच गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात. ती खळ पाण्याच्या ओलाव्याने पुन्हा सुटते. जपायच्या वस्तूसाठी चांगला डिंक तोच, ज्याने केलेले काम उद्या उलटवता येते.

तेव्हा फलकावर प्रत लावावी. मूळ छायाचित्र आम्लरहित कागदाच्या अल्बममध्ये, केवळ कोपरे अडकवून ठेवावे. त्याला डिंकाचा थेंबही लागू देऊ नये. फाटलेले कात्रण जोडत न बसता तसेच आम्लरहित पाकिटात घालावे. आणि छायाचित्रातील माणसांची नावे, गाव आणि साल त्याच पानावर पेन्सिलीने, मुलांच्या हातूनच लिहून घ्यावीत. नावे सांगणारी आजी फोनवर उपलब्ध आहे तोवर हे काम उरकलेले बरे.