छातीत गाठ: शिबिरात हाताला लागली, पण पुढच्या दोन तपासण्यांचं काय?

ऑक्टोबर महिना आला की तालुक्या-तालुक्यात स्तन कॅन्सर तपासणी शिबिरं लागतात. गुलाबी फिती, फोटो, पाहुण्यांचा सत्कार. शिबिरात एखाद्या बाईला गाठ आहे असं कळतं, चिठ्ठी मिळते आणि ती घरी जाते. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

गाठ म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. तरुण मुलींत हाताखालून सटकणारी गाठ बऱ्याचदा फायब्रोअ‍ॅडेनोमा निघते, चाळिशीत पाण्याची गाठही होते. पण नुसत्या हाताने हे ठामपणे सांगता येत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी. म्हणून तीन तपासण्या लागतात. आधी हाताने, काखेसकट. मग फोटो, म्हणजे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी. आणि शेवटी सुई.

तरुण बाईचं स्तन घट्ट असतं, मॅमोग्राफीत ते पांढरंच दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणून कमी वयात आधी सोनोग्राफी करतात. रिपोर्टवर 'बायरॅड्स' आणि पुढे आकडा असतो. 4 किंवा 5 असेल तर सुईशिवाय पर्याय नाही. काही कॅन्सर मात्र फोटोत दिसतच नाहीत. त्यामुळे हाताला गाठ लागते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, तेव्हा विषय संपलेला नसतो. तिन्ही तपासण्यांचं उत्तर एक आलं तरच डॉक्टर निश्चिंत होतात. एक जरी वेगळं बोलली तरी पुन्हा तपासायचं.

सुईबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' असं सांगून बायकांना परत आणलं जातं. याला आधार नाही. पातळ सुईने फक्त पेशी येतात. जाड सुईने, जागा बधिर करून, तांदळाच्या दाण्यासारखे बारीक तुकडे काढतात. त्यावरून कॅन्सर आहे का, असेल तर कोणत्या जातीचा आणि कोणतं औषध लागू पडेल, हे ठरतं. याउलट, न तपासता आधी गाठच कापून टाकणं हे नुकसानीचं. नंतर कॅन्सर निघाला तर ऑपरेशन दुसऱ्यांदा करावं लागू शकतं.

हाताची तपासणी कमी समजायचं कारण नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा 20 वर्षं अभ्यास केला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तन कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी झाले. त्याखालच्या वयात मात्र तसा फरक दिसला नाही. आणि तिथे संशय आलेल्या बाईची पुढची तपासणी टाटातच फुकट होत होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे अडतं ते इथेच. तिशीपुढच्या बायकांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताई फॉर्म भरते, उपकेंद्रात सिस्टर तपासते. पण जाड सुई आणि तो तुकडा वाचणारा पॅथॉलॉजिस्ट शोधायला बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर मेडिकल कॉलेजला जावं लागतं. एक खेप तपासायला, दुसरी सुईला, तिसरी रिपोर्टला. तीन दिवसांची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं. गाठ दुखत नसते, मग बाई ती अंगावर काढते. शिबिरात किती बायका तपासल्या याचा आकडा छापून येतो; त्यातल्या किती जणींची सुईची तपासणी झाली, हे कुणी विचारत नाही.

ज्यांची गाठ आधीच काढली गेली आहे, त्यांनी डॉक्टरांना एवढं विचारावं: गाठ तपासायला पाठवली का? पाठवली असेल तर रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर त्याच पहिल्यांदा मागतात.