एका यंत्रात दोन संगणक



चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, नवापूर तालुक्यातले गाव. अशा गावात कष्टकऱ्याच्या घरी संगणक येतो तो बहुधा जुना, कोणीतरी वापरून सोडलेला. तो बिघडला तर दुरुस्तीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याचे नाहीतर जिल्ह्याचे गाव गाठावे लागते. म्हणून मुलांना पहिली ताकीद मिळते ती "हात लावू नका, बिघडेल" अशी. या ताकिदीविषयी आज आम्हाला लिहायचे आहे, आणि त्यासाठी विषय घेतला आहे मुलांच्या आवडीचा, गेमचा.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. पुष्कळ जुन्या यंत्रांत हे नसते. मग काही लोक जुन्या यंत्रावर उबुंटू किंवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली बसवतात. ती फुकट मिळते आणि तिच्यात मराठीही लिहिता येते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली आणली. लिहिणे-वाचणे, हिशेब, इंटरनेट हे सगळे लिनक्सवर होते. पण मुले विचारतात, आमचे गेम कुठे गेले? विंडोजसाठी बनवलेला गेम लिनक्सवर सरळ चालत नाही. मग नवा संगणक घ्यावा काय? आमचे म्हणणे असे की, कर्ज काढण्यापूर्वी एक उपाय करून पाहावा.

व्हर्च्युअलबॉक्स नावाची आज्ञावली फुकट मिळते. ती २००७ साली जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने लोकांना खुली केली. आज ती ओरॅकलकडे आहे. ती लिनक्सच्या आत एक खोटा संगणक उभा करते. त्याला स्वतःची मेमरी असते, स्वतःची डिस्क असते. ही डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाईल. या खोट्या संगणकात विंडोज बसवायचे आणि त्यात गेम चालवायचा. बाहेरच्या प्रणालीला यजमान म्हणतात आणि आतल्या प्रणालीला पाहुणा.

ही युक्ती गरजेतून निघाली. पूर्वी एकेक संगणक अतिशय महाग असे. एकाच यंत्रावर अनेकांना स्वतंत्र संगणक असल्यासारखे काम करता यावे म्हणून आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली दिली. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने हीच सोय साध्या टेबलावरच्या संगणकावर आणली. ज्या घरात यंत्र एकच आहे आणि वापरणारे चार आहेत, त्या घराला ही अडचण वेगळी सांगायला नको.

आता कृती. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन 'व्हर्च्युअलायझेशन' हा पर्याय चालू आहे का ते पाहावे. इंटेलच्या यंत्रात त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या यंत्रात एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम. तो बंद असेल तर पाहुणा चालत नाही, किंवा फारच रखडतो. यजमानाकडे ८ जीबी मेमरी असेल तर ४ जीबी पाहुण्याला द्यावी. सगळी देऊ नये, दोघेही अडतील. आतल्या विंडोजलाही परवाना लागतो, हे विसरू नये. चोरीच्या प्रतीबरोबर अनेकदा व्हायरसही घरात येतो. सुरक्षा-दुरुस्ती बंद झालेले जुने विंडोज आत बसवले तर त्याचे इंटरनेट तोडून ठेवावे. जुन्या गेमला त्याची गरजही नसते.

सगळे गेम चालतील अशी आशा मात्र धरू नये. १९९७ चा 'एज ऑफ एम्पायर्स' किंवा त्या काळातले सपाट चित्रांचे गेम साधारणपणे चालतात. नवे थ्रीडी गेम अडखळतात, कारण खऱ्या ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद पाहुण्यापर्यंत पोचत नाही. 'व्हॅलोरंट'सारखा गेम तर खोटा संगणक ओळखून चालण्यास नकार देतो, कारण लबाडी पकडणारी त्याची आज्ञावली तशीच बनवली आहे. थ्रीडी गेमसाठी दुसरी वाट आहे. १९९३ साली सुरू झालेली वाइन ही आज्ञावली पाहुणा न बोलावता, विंडोजची मागणी लिनक्सला समजेल अशी करून देते. तिच्याच आधारावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली प्रोटॉन आणले. या वाटेने पुष्कळ गेम बरे चालतात; परंतु कार्ड जुने असेल तर तिथेही मर्यादा येणारच.

आता मूळ मुद्दा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'स्नॅपशॉट' नावाची सोय आहे. पाहुणा संगणक नीट चालत असताना त्याची स्थिती जतन करून ठेवायची. पुढे मुलाने नको ती फाईल पुसली, चुकीची आज्ञा दिली, किंवा ऐन वेळी वीज जाऊन आतले विंडोज बिघडले, तर एका आज्ञेने पुन्हा त्या स्थितीवर येता येते. बाहेरचा संगणक, त्यातली कागदपत्रे, फॉर्म, मुलीचा अभ्यास यांना सहसा धक्का लागत नाही. तरीही महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावीच.

श्रीमंताच्या मुलाला दुसरे यंत्र मिळते, म्हणून तो न भीता उघडतो, मोडतो, जोडतो आणि शिकतो. आपल्या मुलांचे शिकणे या एका भीतीपाशी अडते. तेव्हा पालकांनी गेमच्या निमित्ताने हे काम मुलांनाच करू द्यावे, मुलींनाही बरोबरीने. खेळाची वेळ घरात ठरवून घ्यावी. परंतु मेमरी किती द्यायची, डिस्क कशी वाटायची, चूक कुठे झाली, हे त्यांचे त्यांना शोधू द्यावे. गेम चालला तर उत्तमच. नाही चालला तरी तो का चालला नाही, हे ज्या दिवशी मूल तुम्हाला समजावून सांगेल, त्या दिवशी त्या जुन्या यंत्राची किंमत वसूल झाली असे समजावे.