चुलता, पुतण्या आणि एक अवग्रह

‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे लातूरशी नाते सांगणारे बिरुद राष्ट्रकूटांनी मान्यखेटाच्या ऐन वैभवातही टाकले नाही. म्हणून त्या कुळावरची तोहमत आम्हां लातूरकरांना घरची वाटते, आणि घरची वाटते म्हणूनच तिचा निवाडा अभिमानाने न होता दस्तऐवजांनी व्हावा, असा आमचा आग्रह आहे.

पूर्वपक्ष असा की, चालुक्यांचा मांडलिक असून इ.स. 753 च्या सुमारास दुसऱ्या कीर्तिवर्म्याचे स्वामित्व झुगारणारा दंतिदुर्ग पुढे प्रजापीडक झाला, आणि चुलता कृष्ण याने त्याला पदच्युत करून गादी बळकावली. याला आधार दोन. कुमार्गाला लागलेल्या एका भाऊबंदाचे उच्चाटन करून कृष्णाने कुलहितार्थ राज्य हाती घेतले, असे बडोद्याचा 812 चा ताम्रपट म्हणतो. आणि अन्यत्र एका श्लोकात वल्लभराजाला, म्हणजे दंतिदुर्गाला, ‘कृतप्रजाबाध’ म्हटल्याचे वाचले गेले.

पहिल्या आधारात त्या भाऊबंदाचे नावच नाही. आणि निनावी फिर्यादीत आपल्या सोयीचे नाव घालणे हा न्याय नव्हे. दुसरा आधार तर एका चिन्हावर लोंबकळतो. ‘वल्लभराजे’ या सप्तम्यंत पदापुढचा ‘अ’ संधीत लोपतो, आणि त्याची खूण असलेला अवग्रह ताम्रपट कोरणारे बहुधा कोरीत नसत. तो गृहीत धरताच ‘कृत’चे ‘अकृत’ होते, आणि प्रजेला पीडा देण्याचा आरोप पीडा न दिल्याच्या स्तुतीत पालटतो. शिवाय तोच श्लोक राजा दिवंगत झाला म्हणतो, पदच्युत झाला म्हणत नाही.

आमचा सिद्धान्त सरळ आहे. दंतिदुर्ग निपुत्रिक वारला, असे कर्डा येथील 972 चा ताम्रपट सांगतो. तो दोन शतकांनंतरचा आहे हे खरे, परंतु निपुत्रिक पुतण्याच्या मागे बापाच्या सख्ख्या भावाकडे वारसा यावा, हे कुलरीतीला धरूनच आहे. वेरूळच्या कैलास लेण्याची भव्यता आम्ही कृष्णाच्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून पुढे करीत नाही. त्याचा धाकटा पुत्र ध्रुव याने थोरल्या गोविंदाचे राज्य हिरावले, हेही झाकीत नाही. परंतु मुलांचे भांडण बापाच्या खाती मांडता येत नाही. तो लुप्त ‘अ’ जागेवर ठेवला की पुतण्याचा जुलूम नाहीसा होतो, आणि जुलूमच नाहीसा झाल्यावर चुलत्याच्या बंडाला निमित्त उरत नाही.